वंशावळ बांधायची तर आधी वावराचा नंबर काढा

विदर्भातल्या शेतकरी घराण्याची वंशावळ शोधायला निघालेला माणूस बहुतेक वेळा आडनावापासून सुरुवात करतो आणि तिथेच अडकतो. एका तालुक्यात एकाच आडनावाची, एकाच जातीची, एकमेकांशी काडीचं नातं नसलेली कितीतरी घराणी निघतात. शिवाय शंभर वर्षांपूर्वीच्या महसुली कागदात आडनाव बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं. 'गणपत वल्द सखाराम, कुणबी, साकीन मौजा अमुक' एवढीच नोंद असते. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, साकीन म्हणजे राहणारा. म्हणून आडनाव बाजूला ठेवा आणि वावर, म्हणजे शेत, धरा. माणसं जातात, नावं बदलतात, आडनाव शाळामास्तरांच्या हातून नवं रूप घेतं. शेत जागचं हलत नाही, आणि त्याचा नंबर बदलला असला तरी जुना-नवा मेळ कुठेतरी लिहून ठेवलेला असतो.

दुसरी गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी. वंशावळीत खरी किंमत नावांना नसते, जोडांना असते. 'सखाराम' हे नाव दहा कागदांत सापडलं तरी काही सिद्ध होत नाही. 'गणपत हा सखारामचा मुलगा' हे सांगणारा एक कागद मिळाला की एक जोड पक्का झाला. पाच पिढ्यांची वंशावळ म्हणजे बाप-लेकाचे चार जोड, आणि प्रत्येक जोडाला स्वतःचा पुरावा हवा. एक जोड कच्चा राहिला की त्याच्या वरचं सगळं झाड दुसऱ्याच घराण्याचं असू शकतं.

घरातून निघताना

म्हाताऱ्या माणसांना 'आज्याच्या बापाचं नाव काय' असं थेट विचारलं तर उत्तर एक तर येत नाही, किंवा चुकीचं येतं. त्यापेक्षा सुतकाचं विचारा. कोणाच्या घरी माणूस गेला की आपल्याला दहा दिवसांचं सुतक लागतं, कोणाचं तीन दिवसांचं, कोणाचं नुसतं आंघोळीपुरतं? या एका प्रश्नात भाऊबंदकीचा अख्खा नकाशा बाहेर येतो. दहा दिवसवाले म्हणजे जवळची बापाकडची शाखा. तीन दिवसवाले म्हणजे कधीतरी दूर पडलेले. नातं नेमकं काय होतं हे विसरलेलं खटलंही सुतक मात्र पाळत असतं. त्यानंतर देव विचारावा: कुलदैवत कोणतं, महालक्ष्म्या कोणाच्या घरी बसतात, मोठ्या घरचा देव कोणाकडे आहे. देव ज्या घरी राहिला ती बहुधा थोरली पाती. पोळ्याला तोरणाखाली मानाची बैलजोडी कोणाची, हेही विचारावं. तो मान पाटीलकीच्या किंवा मालगुजारीच्या (सरकारला सारा भरणाऱ्या गावमालकाच्या) शाखेकडे चालत आलेला असतो.

गोंड घराण्यांत ही चौकशी आणखी नेमकी होते. चार देव, पाच देव, सहा देव, सात देव अशी तिथली विभागणी असते, आणि एका देवसंख्येच्या घरांत आपसांत सोयरीक होत नाही. एकाच आडनावाची दोन घरं एका कुळाची आहेत की नाहीत, हे तिथे जाणत्या माणसाला दोन वाक्यांत सांगता येतं.

मग घरातल्या वस्तू. लग्नात आलेल्या पितळी भांड्यांवर देणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख कोरलेली असते. माळ्यावरचे गुंड, पराती, घागरी उतरवून चिंचेनं घासल्या की बायांची नावं हाती लागतात, आणि बायांची नावं दुसऱ्या कुठल्याच कागदात इतक्या सहज मिळत नाहीत. जुन्या लग्नपत्रिकांत निमंत्रक आणि आशीर्वाद देणाऱ्यांची नावं बहुधा वयाच्या क्रमानं छापतात. त्यामुळे भावांत थोरला-धाकटा कोण हे कळतं. आहेराच्या वह्या असतील तर जपून ठेवा. कोणत्या गावाहून कोणाचा किती आहेर आला, यात सोयऱ्यांची यादी आपोआप येते.

सातबाऱ्यावरून मागे

आता वावर. आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर आणि भोगवटदाराचं नाव आहे, त्याच्याजवळ फेरफाराचा, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदीचा, क्रमांक आहे. तो फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ ची नोंद, काढायची. त्यात 'अमुक मयत, वारस पत्नी, मुलगे, मुली' असं लिहिलेलं असतं. हा पहिला जोड. वारसांची वेगळी नोंदवही गाव नमुना ६-क मध्ये असते, तीही मागावी. फेरफारात ज्याच्या नावाची जमीन वारसांकडे गेली, त्याच्या नावावर ती कशी आली याचा आधीचा फेरफार शोधायचा. असं एकेक पायरी मागे. संगणकावरचा सातबारा यासाठी अपुरा आहे. हस्तलिखित सातबारा मागावा, कारण त्यावर कंस केलेली, म्हणजे कमी केलेली, जुनी नावं दिसतात, आणि कोणत्या फेरफारानं कंस झाला तो नंबरही दिसतो. हा हस्तलिखित सातबारा पटवाऱ्याच्या दप्तरात नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात असतो.

आजच्या रूपातला सातबारा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नंतरचा. त्याच्या मागे विदर्भात सगळ्यांत कामाचा कागद म्हणजे १९५४-५५ चा अधिकार अभिलेख. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो मुंबई राज्यात आला. या अभिलेखात खातेदाराचं नाव, बापाचं नाव, जात, राहण्याचं गाव आणि जमिनीचा हक्क एका ओळीत मिळतो. ज्या घरात १९५४ साली कर्ता माणूस साठीचा होता, त्या घराला त्याच्या बापाचं नाव इथेच मिळतं. म्हणजे एका कागदानं झाड १८७० च्या आसपास जन्मलेल्या माणसापर्यंत पोचतं.

इथे सगळ्यांत जास्त चूक होते ती नंबर जुळवताना. अधिकार अभिलेखात जुना सर्वे किंवा खसरा नंबर असतो, सातबाऱ्यावर गट नंबर. जिथे एकत्रीकरण योजना (शेतांचे विखुरलेले तुकडे एकत्र करण्याची) झाली तिथे कोणत्या जुन्या नंबराचा कोणता गट झाला याचा तक्ता भूमी अभिलेख कार्यालयात असतो. तो घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. क्षेत्रही पडताळावं. जुन्या कागदात एकर-गुंठे किंवा एकर-डिसमिल, नव्यात हेक्टर-आर. एक एकर म्हणजे ४० गुंठे, साधारण ४०.५ आर. ७ एकर २० गुंठ्यांचं वावर नव्या कागदात ३ हेक्टर ३ आरच्या जवळपास दिसलं पाहिजे. फार फरक असेल तर मधे वाटणी, विक्री किंवा संपादन झालेलं आहे, आणि त्याचा फेरफार तुमच्या नजरेतून सुटला आहे.

१९५४ च्या मागे गेलं की आपण विदर्भाच्या कोणत्या भागात उभे आहोत यावर सगळं अवलंबून असतं. वऱ्हाड, म्हणजे अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ, हा निजामाचा मुलूख १८५३ च्या तहानं इंग्रजांच्या ताब्यात आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला. इथे रयतवारी होती. प्रत्येक शेताला सर्वे नंबर आणि त्यापुढे खातेदाराचं नाव, त्यामुळे सामान्य कुणब्या-माळ्याचं नावही सरकारी कागदात स्वतंत्र मिळतं. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचं चंद्रपूर) हा भोसल्यांचा मुलूख १८५४ मध्ये खालसा झाला आणि तिथे मालगुजारी बसली. तिथल्या बंदोबस्ताच्या मिसलीत, म्हणजे सारा ठरवतानाच्या दप्तरात, गाव मालगुजाराच्या नावानं असतं आणि कसणारा त्याच्या खाली कूळ म्हणून येतो. तो कोणत्या हक्कानं कसत होता हेही लिहिलेलं असतं. मालगुजाराची स्वतःची जमीन सीर किंवा खुदकाश्त, तर मालिक-मकबूजा म्हणजे गावात स्वतःच्या तुकड्याचा मालक. हा हक्क कुठे बदलतो तिथे लक्ष ठेवा, कारण तिथे बहुधा पिढी बदललेली असते.

मालगुजारी घराण्यांच्या कागदांत एक सोय आहे जी फार थोडे लोक वापरतात. गाव सोळा आण्यांचं धरत आणि हिस्से आणे-पैत लिहीत. एका आण्याचे बारा पै, म्हणजे अख्खं गाव १९२ पैंचं. चार भावांत वाटणी झाली तर प्रत्येकी चार आणे. तीन भावांत झाली तर पाच आणे चार पै. आता एखाद्या नावापुढे दोन आणे आठ पै दिसले तर हा तीन भावांपैकी एकाच्या दोन मुलांपैकी एक, असा अंदाज बांधता येतो, कारण ६४ पैंचं निम्मं ३२. हिशेबानं निघालेला हा अंदाज पुरावा नव्हे. पण कोणाला शोधायचं, किती भाऊ शोधायचे, हे त्यानं कळतं. सगळे हिस्से बेरीज करून १९२ भरले नाहीत तर कोणीतरी भागीदार अजून हाती लागलेला नाही, किंवा कोणीतरी हिस्सा गहाण टाकून गमावला आहे. मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्यानं १९५१ मध्ये मालगुजारी गेली. त्या वेळच्या कागदांत हिस्सेदारांची नावं पुन्हा एकदा एकत्र येतात.

चंद्रपूरचा राजुरा भाग वेगळा धरावा. तो हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ ला नांदेडला जोडला आणि १९५९ ला चांद्याला आला. तिथले जुने कागद उर्दूत, फसली, म्हणजे निजामाच्या महसुली, सालात. राजुऱ्याच्या घराण्यानं चंद्रपूरच्या अभिलेख कक्षात १९३० चा कागद शोधणं म्हणजे चुकीच्या विहिरीत बादली टाकणं. जिल्ह्यांच्या फाळण्यांचंही भान हवं. गडचिरोली १९८२ ला चंद्रपुरातून, वाशीम १९९८ ला अकोल्यातून आणि गोंदिया १९९९ ला भंडाऱ्यातून निघाला, म्हणून जुन्या गठ्ठ्यांची चौकशी मूळ जिल्ह्यातही करावी. यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत वणी नावानं होता. वाशीम आणि एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर, हे त्या काळी वेगळे जिल्हे होते.

गावाचं नाव जुळलं म्हणून गाव जुळलं असंही नाही. पिंपळगाव, वडगाव, सावरगाव दर तालुक्यात आहेत, त्यात पुन्हा बुद्रुक आणि खुर्द. आणि विदर्भात रिठ आहेत: कधीकाळी वस्ती होती, आता नुसतं शिवार उरलं आहे. घराणं 'अमक्या रिठाहून आलं' असं म्हातारी सांगते तेव्हा ते मौजाचं नाव आजही महसुली यादीत असतं, त्याचे नकाशे असतात, शेतं असतात. माणसं नाहीत म्हणून कागद नाहीत, असं धरून चालू नये.

जमीन नव्हती त्यांचं काय

भूमिहीन घराण्यांसाठी, आणि जमीनवाल्यांच्याही धाकट्या शाखांसाठी, कोतवाल बुक हा मोठा आधार. गावातले जन्म आणि मृत्यू कोतवाल कळवायचा आणि त्याच्या नोंदी होत. कोतवाल बुकाची किंवा गाव नमुना १४ ची नक्कल तहसीलमधून मिळते. ही नोंद कशी वाचायची ते नीट समजून घ्यावं. बाळाचं नाव त्यात बहुतेक वेळा नसतं. तारीख, बापाचं नाव, जात, गाव आणि 'मुलगा झाला' किंवा 'मुलगी झाली' एवढंच. बारशाआधीच नोंद झालेली, तर नाव येणार कुठून? म्हणून एकटी कोतवाल बुकाची नोंद व्यक्ती सिद्ध करत नाही. तिला शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरची जोड द्यावी लागते. कोतवाल बुकात १९२७ च्या भाद्रपदात अमक्याला मुलगा झाला, आणि दाखल-खारीजमध्ये त्याच बापाच्या मुलाचं वय त्याच्याशी जुळतं, असं दिसलं की जोड बसतो. अशा वेळी त्या बापाला आसपासच्या दोन-तीन वर्षांत दुसरा मुलगा झाला होता का, हेही पाहायला हवं. झाला असेल तर कोणती नोंद कोणाची, हे मृत्यूच्या नोंदींवरून ठरवावं लागतं, कारण पहिला मुलगा गेला की पुढच्याला त्याचंच नाव ठेवलेलं असू शकतं.

दाखल-खारीजमध्ये दोन सापळे आहेत. जन्मतारीख १ जून किंवा १ जुलै दिसली की ती मास्तरांनी अंदाजे टाकलेली समजावी. वर्षसुद्धा एक-दोननं इकडे-तिकडे असू शकतं. दुसरा सापळा मोठा: पालकाच्या रकान्यात बाप असेलच असं नाही. मामाच्या गावी शिकायला राहिलेल्या पोराच्या नावापुढे मामाचं नाव लागतं, आणि नंतर सगळ्या कागदांवर तोच बाप होऊन बसतो. पालकाचं आडनाव आणि मुलाचं आडनाव वेगळं दिसलं, किंवा आधीची शाळा दुसऱ्या गावची दिसली, तर त्या गावचं रजिस्टर पाहिल्याशिवाय जोड पक्का करू नये.

दलित घराण्यांच्या कागदांत १४ ऑक्टोबर १९५६ ही सीमारेषा आहे. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर जातीच्या रकान्यात 'महार' जाऊन 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' येतं. सख्ख्या भावांतल्या थोरल्याच्या दाखल्यावर एक आणि धाकट्याच्या दाखल्यावर दुसरं असणं अगदी सामान्य आहे. एवढ्यावरून दोन वेगळी घराणी समजून वंशावळ तोडू नका.

याशिवाय १९५१ च्या राष्ट्रीय नागरिक नोंदवहीत घरातल्या माणसांची नोंद मिळू शकते. जुन्या मतदार याद्यांत घर नंबर, वय, आणि बापाचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. मोठ्या जमिनीच्या घराण्यांनी सीलिंगची प्रकरणं जरूर पाहावीत. १९६१ च्या शेतजमीन कमाल धारणा कायद्याखाली भरलेल्या विवरणात कुटुंबातल्या माणसांची नावं आणि वयं द्यावी लागत. दिवाणी न्यायालयातल्या वाटणीच्या दाव्यांत तर वंशावळ आयतीच काढून जोडलेली असते. तिच्यावर दोन्ही पक्षांचा वाद कुठे होता आणि कुठे नव्हता, हे बघण्यासारखं. भांडणाऱ्या भाऊबंदांनी जे एकमतानं मान्य केलं ते बहुधा खरं असतं.

नावं कशी बदलतात

वऱ्हाडी बोलीत विठ्ठल इठ्ठल होतो आणि विठोबा इठोबा, म्हणून कागदात 'व' खाली नाही सापडला तर 'इ' खाली शोधा. ज्ञानोबाचा ग्यानबा, नारायणचा नारान, लक्ष्मणचा लखमन किंवा लक्षुमन. 'ळ' सगळ्यांत धोक्याचा. वऱ्हाडात तो 'य' सारखा बोलला जातो, झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, 'र' सारखा, आणि हिंदी वळणाचा कारकून तो 'ल' लिहितो. एकच आडनाव तीन रूपांत येतं ते यामुळे. नागपूरकडे नावाला 'जी' लागतो, वऱ्हाडात 'बा' किंवा 'भाऊ'. सखाराम, सखाजी, सखोबा ही एकाच माणसाची नावं असू शकतात, किंवा तीन भावांची नसली तरी तीन चुलत भावांची असू शकतात. तिघं एक आहेत की नाहीत हे नावावरून ठरवू नये. बापाचं नाव आणि वावराचा धुरा, म्हणजे बांध, पाहावा. ज्यांची वावरं एकमेकांना लागून आहेत आणि क्षेत्र जवळपास सारखं आहे, ते बहुधा एका वाटणीतून निघालेले भाऊ.

आज्याचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्यामुळे गणपत-सखाराम-गणपत-सखाराम अशी साखळी सर्रास मिळते. इथे एक पिढी गिळली जाते किंवा फुकटची वाढते. उपाय साधा आहे: प्रत्येक नावापुढे कागदाचं साल आणि त्या वेळचं अंदाजे वय लिहा. 'सखाराम वल्द गणपत' १८९५ च्या कागदात कर्ता खातेदार आहे आणि १९६८ च्या फेरफारातही जिवंत दिसतो, तर ते दोन सखाराम आहेत. बाप आणि लेकात अठरा वर्षांहून कमी किंवा पन्नासाहून जास्त अंतर आलं तर तो जोड पुन्हा तपासायचा. सरासरी पंचवीस वर्षांची पिढी धरली तर आज विशीत असलेल्या मुलापासून १८८० च्या सुमाराला जन्मलेला माणूस सहावा-सातवा निघायला हवा.

कागदात काही अक्षरं सतत भेटतात. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलगा लहान, म्हणून आई किंवा काका पालक. इथे पालकाला बाप समजण्याची चूक होते. 'ए.कु.क.' म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. त्याच्या एकट्याच्या नावामागे चार भाऊ दडलेले असतात, तेव्हा त्याला एकुलता एक ठरवू नका. 'जौजे' म्हणजे अमक्याची बायको, 'बेवा' म्हणजे विधवा. दत्तक गेलेला मुलगा जन्मदात्याच्या नावानंही दिसतो आणि दत्तक बापाच्या नावानंही. झाडात दोन्हीकडे दाखवावा, दत्तकाची रेघ तुटक काढावी आणि दत्तकपत्राचं साल लिहावं. पाटाच्या लग्नाच्या (पुनर्विवाहाच्या) घरात बायको कोणती आणि मुलं कोणाची, हे वारस फेरफारात सरसकट एका ओळीत घातलेलं असतं. सावत्र भाऊ वेगळे काढायचे तर कोतवाल बुकाकडे परत यावं लागतं.

लेकी-सुना कुठे गेल्या

महसुली कागद पुरुषांचा आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याआधीच्या वारस नोंदींत मुलगी जवळपास दिसतच नाही. विधवा दिसते, तीही मुलगा लहान असला किंवा नसला तर. १९५६ नंतर मुली कायद्यानं वारस झाल्या, तरी पटवाऱ्याला फक्त मुलांची नावं सांगायची सवय पुढे कितीतरी वर्षं टिकली. मग लेक सापडते ती नोंदणी कार्यालयात, हक्कसोडपत्रात. भावाच्या नावावर जमीन राहावी म्हणून बहिणी सही-अंगठा देतात तेव्हा त्यांचं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं गाव आणि वय सगळं लिहिलं जातं. बहिणींना हिस्सा न देता केलेला हा कागदच पुढे त्यांच्या अस्तित्वाचा पुरावा ठरतो. वंशावळ बांधणाऱ्यानं निदान त्यांची नावं तरी झाडात पूर्ण लिहावीत.

सून शोधायची तर तिचं माहेर शोधावं लागतं, आणि लग्नात नाव बदललेलं असतं. माहेरची 'गंगू' सासरी 'पार्वती'. माहेरच्या भावांच्या हक्कसोडपत्रात आणि भांड्यांवर कोणतं नाव आहे ते पाहून दोन्ही नावं सोबत लिहावीत. माहेरचं गाव लिहिलेलं नसेल तर त्या बाईची पुढची पिढी वंशावळीत अर्धीच राहते.

भाट, तीर्थोपाध्याय आणि मोडी

ज्या समाजांचे भाट, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी लिहून ठेवणारे, अजून वह्या राखून आहेत, तिथे भाटाला मानानं बोलवावं, ठरलेली बिदागी द्यावी, आणि आपल्या घराण्याचं पान वाचून घेताना आवाज नोंदवून ठेवावा. अलीकडच्या चार-पाच पिढ्या भाटाकडे चांगल्या असतात, कारण त्या त्याच्या बापानं किंवा आज्यानं स्वतः घरी येऊन लिहिलेल्या असतात. त्याच्या वरचा भाग, कुठल्या राजाच्या सैन्यातून मूळपुरुष आला वगैरे, वेगळ्या कागदावर उतरवावा. झाडाला जोडू नये.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या जास्त भरवशाच्या वाटतात. त्याचं कारण असं की यात्रेकरूनं त्या दिवशी स्वतः सांगितलेली नावं तिथे लिहिली जातात: स्वतःचं, बापाचं, भावांचं, मुलांचं. जाताना गाव, जुना तालुका, आडनाव, जात आणि घरातून कोण कधी यात्रेला गेलं होतं याची चिठ्ठी करून न्यावी. वह्या गाव आणि आडनावावरून लावलेल्या असतात, आणि प्रत्येक भागाचा उपाध्याय वेगळा असतो. रिठाहून उठून आलेल्या घराण्यानं जुन्या गावाचं नाव सांगावं. नव्या गावाखाली आज्याच्या आधीचं काही मिळत नाही.

जुने कागद मोडीत आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं आणि शब्दांत जागा सोडलेली नसते, म्हणून नावं चुकीच्या ठिकाणी तोडली जातात. मोडी वाचकाकडे एकच ओळ नेऊ नका. पूर्ण पान न्या, कारण त्याच हाताच्या इतर ओळींवरून तो अक्षराचं वळण ओळखतो. लिप्यंतरावर वाचकाची सही आणि तारीख घ्या.

सालं बदलून घेताना शकात ७८ मिळवायचे, जानेवारी ते गुढीपाडव्यातल्या तिथीला ७९. संवतातून ५७ वजा. निजामी फसलीत ५९० मिळवायचे. शके १८३९ म्हणजे १९१७-१८, फसली १३१० म्हणजे १९००-०१. म्हातारी माणसं साल सांगत नाहीत, प्रसंग सांगतात, तेव्हा आपल्याजवळ प्रसंगांची यादी तयार हवी. मोठे दुष्काळ १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे. गजानन महाराजांची समाधी ८ सप्टेंबर १९१० ची. मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, १९१८ ची. त्या साली एकाच घरात महिन्याभरात तीन-चार मृत्यू दिसले तर नोंद चुकली असं समजू नका, तशीच ती साथ होती. नागपूरची काँग्रेस डिसेंबर १९२० ची, गांधीजी शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले ते १९३६. 'बहात्तरचा दुष्काळ' सगळ्यांनाच ठाऊक.

शपथपत्राआधी

बरीच मंडळी वंशावळ काढतात ती जात पडताळणीसाठी. तिथे कागद कोणत्या तारखेच्या आधीचा हवा हे प्रवर्गावर ठरतं: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. वंशावळीचं शपथपत्र करण्याआधी एक काम न चुकता करावं. चुलत्याच्या किंवा चुलतभावाच्या जुन्या प्रकरणात दिलेली वंशावळ मिळवून आपल्याशी ताडून पाहावी. त्यांनी पणज्याचं नाव 'सखाजी' लिहिलं आणि तुम्ही 'सखाराम', तर समितीला शंका येते आणि दक्षता पथकाची चौकशी लागते. दोन्ही नावं एकाच माणसाची असतील तर तसं शपथपत्रात स्पष्ट लिहा आणि दोन्ही नावांचे कागद जोडा. गैरसोयीचं नाव गाळून टाकणं हा सगळ्यांत वाईट मार्ग. खोटा जोड आज चालून गेला तरी पुढच्या पिढीच्या प्रकरणात उघडा पडतो.

नक्कल मागताना अर्जात गावाचं जुनं नाव, जुना तालुका, जुना नंबर, खातेदाराचं नाव आणि पाच वर्षांचा टप्पा लिहा. 'आमच्या घराण्याचे सर्व जुने कागद' अशा अर्जाला 'अभिलेख आढळून येत नाही' हेच उत्तर मिळतं. तसं उत्तर आलं तरी ते लेखी घ्या आणि शेजारच्या नंबराच्या किंवा आधीच्या सालाच्या नोंदीसाठी दुसरा अर्ज करा, कारण गठ्ठे चुकीच्या गावाखाली बांधलेले असतात. काही जिल्ह्यांचे, त्यात अमरावती आणि अकोला आहेत, जुने अभिलेख स्कॅन होऊन संकेतस्थळावर पाहता येतात. तालुक्याला खेटे घालण्याआधी तिथे बघून घ्यावं.

झाड काढताना मूळपुरुषाला १ नंबर द्या, त्याच्या मुलामुलींना वयाच्या क्रमानं १.१, १.२, १.३, नातवंडांना १.२.१ असे. मग एकाच नावाचे चार गणपत असले तरी घोटाळा होत नाही. प्रत्येक नावाखाली कागदाचा प्रकार, साल आणि नंबर बारीक अक्षरात लिहा. ज्याला कागद नाही, नुसती सांगी आहे, ते नाव पेन्सिलीनं लिहा आणि कोणी, कोणत्या साली सांगितलं ते पाठीमागे नोंदवा. जुने कागद लॅमिनेट करू नका, टाचणी काढून सुती कापडात सपाट ठेवा, घडीवर चिकटपट्टी लावू नका. फोटो दिवसाच्या सावलीत, फ्लॅशशिवाय काढा, म्हणजे शिक्क्यांची पुसट अक्षरंही वाचता येतात. तयार झाडाची एकेक प्रत प्रत्येक भावकीच्या घरी द्या आणि खाली दोन बोटं जागा कोरी सोडा. एखाद्या घरच्या म्हातारीला १.३ च्या धाकट्या बहिणीचं नाव आठवेल, ते लिहायला ती जागा लागते.